स्ट्रीट हॉकची कॅसेट

मागच्या अंकात जुन्या टीव्ही मालिकांवरून निघालेल्या व्हिडिओ गेम्सबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघ लागली. त्यातली पाच इथे घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते मी तीनदा वाचलं आणि दर खेपेला माझं उत्तर बदललं.

ताई, लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं परळला मामाकडे राहायला जायचो. तिथे आम्ही ‘स्ट्रीट हॉक’चा गेम खेळलोय, हे मला पक्कं आठवतं. दादा म्हणतो, असा गेम नव्हताच, तू मालिका आणि गेम यांची सरमिसळ करतेस. मामा आता नाही, विचारायचं कोणाला? एवढं आठवतं, की मामा कॅसेट लावायचा, मग किर्रर्र असा कर्कश आवाज यायचा, मामी आतून ओरडायची, ‘अहो, बंद करा ते!’ आणि मामा आम्हाला सांगायचा, ‘जा, हातपाय धुऊन या, तोवर होईल सुरू.’ टीव्हीच्या कडेनं निळे-पिवळे पट्टे पळायचे. दादाशी पैज लागली आहे. खरं कोण? आणि ती कॅसेट आता मिळेल का?
— मुलुंडहून एक वाचक भगिनी

तुमच्या दादांची बाजू आधी सांगते, कारण पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही त्यांच्याच बाजूची होते.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुरुस्तीचं दुकान लॅमिंग्टन रोडला होतं. एका जिन्याखाली, दोन माणसं बसतील एवढं. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि नव्वदच्या सुमारास टीव्ही गेम यायला लागले. शाळा सुटली की मी खेतवाडीतल्या घरी दप्तर टाकायची आणि दुकानात जाऊन बसायची. आपल्याकडे घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ होते, ते बहुतेक सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला. त्यांच्या कॅसेटी मी शेकड्यांनी उघडल्या आहेत. अस्सल कॅसेटीत पायवाल्या काळ्या चिपा असतात. नकलेत हिरव्या पट्टीवर डांबराचा थेंब सांडावा तसा एक गोल काळा गोळा असतो, बस्स. वरच्या चित्राचा आतल्या गेमशी संबंध असेलच असं नाही. ‘९९९९ इन वन’ लिहिलेलं असायचं आणि आत वीस-पंचवीस गेम पुन्हा पुन्हा नावं बदलून भरलेले.

आणि दर आठवड्याला कोणीतरी मुलगा यायचाच: ‘काका, स्ट्रीट हॉकची आहे का?’ का विचारायचा ते सांगायला नको. दूरदर्शनवर ती मालिका लागली की आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. अमेरिकेत १९८५ मध्ये तिचे अवघे १३ भाग दाखवले आणि मालिका आटोपली. इथल्या पोरांना मात्र ते १३ भाग पाढ्यांसारखे पाठ. काळी मोटरसायकल, तिच्यावर जेसी माक, आणि तिकडे कंट्रोल रूममध्ये बसलेला नॉर्मन.

पण फॅमिकॉमवर स्ट्रीट हॉक कधी आलाच नाही. मग दुकानदार मोटरसायकलचा जो हाताशी असेल तो गेम काढून द्यायचे. वरून रस्ता दिसणारा ‘झिपी रेस’, चिखलातून उड्या मारणारा ‘एक्साइटबाइक’, नाहीतर निन्टेन्डोचाच ‘माक रायडर’. या शेवटच्या नावाकडे बघा. मालिकेतला नायक जेसी माक आणि गेमचं नाव माक रायडर! दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण ‘हाच तो’ असं पोरांना वाटलं तर त्यात त्यांची काय चूक? तुमचंही तसंच झालं असणार, असं उत्तर मी लिहूनही टाकलं होतं.

मग रात्री पत्र पुन्हा काढलं आणि ‘हातपाय धुऊन या’ इथे अडकले.

टीव्ही गेमची कॅसेट खोचली, बटण दाबलं, की गेम समोर. हातपाय धुवायला सवडच नसते. तुमचे मामा तुम्हाला मोरीवर पाठवत होते, म्हणजे त्यांचं यंत्र वेळ घेणारं होतं. भांडण लावलंय ते ‘कॅसेट’ या शब्दानं. त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला आपण कॅसेट म्हणायचो आणि गाण्याच्या टेपलाही कॅसेटच. दादांच्या डोळ्यांसमोर ठोकळा आहे. तुमच्या मामांकडे होती ती टेप.

किर्रर्र आवाज आणि कडेनं पळणारे निळे-पिवळे पट्टे ही झेडएक्स स्पेक्ट्रमची खूण आहे, आणि ती अगदी न चुकणारी. हा ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा छोटा घरगुती संगणक. त्याला गेम द्यायचा तो साध्या टेपरेकॉर्डरमधून. टेपवर गाण्याऐवजी सबंध प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात भरलेला असायचा. संगणक तो आवाज ऐकून एकेक आकडा उचलायचा आणि माहिती आत येत असताना पडद्याच्या कडेला पट्टे धावायचे. आधी लाल आणि फिकट निळे, खरा माल यायला लागला की निळे आणि पिवळे. ४८ किलोबाइटचा गेम भरायला चार-पाच मिनिटं सहज लागायची. मध्येच आवाज डगमगला तर सगळं पहिल्यापासून. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन तो आपल्या देशात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं विकला. फार घरांत नव्हता, पण होता.

आणि ‘स्ट्रीट हॉक’चा गेम त्याच यंत्रावर निघाला होता. मँचेस्टरच्या ओशन सॉफ्टवेअरनं तो १९८६ मध्ये काढला, स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ आणि अॅमस्ट्रॅड या तीन घरगुती संगणकांसाठी.

पैज तुम्ही जिंकलात. दादांना सांगा, त्यांचं टीव्ही गेमबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, फक्त मामांकडे टीव्ही गेम नव्हता.

त्या मालिकेत मी कशाची वाट बघायची ते सांगते. मारामारीची नाही. नॉर्मन पडद्यावर रस्ता तपासतो, हो म्हणतो, आणि मोटरसायकल ‘हायपरथ्रस्ट’मध्ये जाते. आजूबाजूच्या गाड्या रेघा होऊन जातात, वर टँजरीन ड्रीम या जर्मन बँडचं ते धडधडतं संगीत. फरशीवर मांडी घालून बसलेली आम्ही पोरं प्रत्येक वळणाबरोबर कलायचो. कोणीतरी जाणतं माणूस दुरून लक्ष ठेवून आहे आणि त्यानं ‘जा’ म्हटल्यावर आपण सुटायचं, त्यात सगळी गंमत होती. ४८ किलोबाइटमध्ये ती कितीशी मावणार? पण तुमच्याकडे ती होती. टेपरेकॉर्डरच्या आवाजाचं बटण चिमटीत धरून बसलेले तुमचे मामा हो म्हणेपर्यंत गेम सुरू होत नव्हता.

आता कॅसेट मिळण्याबद्दल. आधी मामांच्या घरचा माळा बघा. जुन्या गाण्यांच्या कॅसेटींच्या खोक्यात असण्याची शक्यता जास्त, कारण घरच्यांना ती गाण्याचीच वाटलेली असते. हाताला लागली तर लगेच लावू नका. मुंबईच्या पावसाळ्यांत टेपला बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती जाणकार माणसाकडूनच साफ करून घ्यायची. ठिपके नसतील तर पेन्सिल घालून हातानं थोडी सैल करा, टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसा, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. मग पहिल्याच वाजवण्यात तो आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा. जुनी टेप दुसरी संधी देईलच असं नाही. एकदा रेकॉर्ड झाला की कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम तोच आवाज ऐकून गेम उघडतो, पट्ट्यांसकट. मामी असतील तर त्यांना जवळ बसवून लावा. मिळाली तर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी जरूर कळवा, मी वाट बघते.

ताई, मी ठाण्याला आठवीत आहे. बाबा सारखं ‘नाइट रायडर’चं कौतुक करतात. त्यांनी जुना निन्टेन्डोवरचा गेम मला लावून दिला. त्यात गाडी नुसती पळते आणि गोळ्या झाडते. किट बोलतच नाही! बाबांना वाईट वाटू नये म्हणून मी ‘छान आहे’ म्हटलं. नाइट रायडरचा चांगला गेम आहे का?

तुझी तक्रार रास्त आहे आणि तू ती अगदी नेमकी सांगितली आहेस. ‘किट बोलतच नाही.’ नायक मायकल आणि त्याची बोलणारी गाडी किट यांची ही मालिका १९८२ ते १९८६ चालली. काळी पॉन्टिअॅक फायरबर्ड ट्रान्स अॅम तेव्हा अमेरिकेत कोणीही विकत घेऊ शकत होतं. तिचा किट झाला तो आवाजामुळे. तो आवाज विल्यम डॅनियल्स या नटाचा, आणि मालिका चालू असताना त्यांचं नाव पडद्यावर येत नसे. त्यांची तशी इच्छाच होती. मायकल चिडतो, किट शांतपणे त्याला समजावतो, मायकल ऐकत नाही, पुढे किटचंच खरं ठरतं. बाबांना आठवतोय तो हा संवाद. टर्बो बूस्टची उडी तर हवीच, पण उडीच्या आधी किट काय म्हणतो तेही हवं.

तू खेळलास तो गेम जपानमध्ये १९८८ला आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी आला. पुढच्या काचेतून दिसणारा रस्ता, खाली डॅशबोर्ड, समोरून गाड्या. किटचं बोलणं मधल्या पडद्यांवर वाचायचं, कानांनी ऐकायचं नाही. त्याला कारण आहे. त्या काळच्या कॅसेटीतली जागा किलोबाइटमध्ये मोजायची. मिनिटभराचं स्वच्छ बोलणं भरायचं तर त्याला सबंध गेमपेक्षा जास्त जागा लागली असती. मग बनवणाऱ्यांनी जे परवडत होतं ते ठेवलं, म्हणजे रस्ता आणि गोळ्या. मालिकेचा जीव बाहेर राहिला.

तुला खेळायचाच असेल तर २००२चा ‘नाइट रायडर: द गेम’ शोध. डॅविलेक्स या डच कंपनीनं तो प्लेस्टेशन २ आणि कॉम्प्युटरसाठी केला. टर्बो बूस्टनं उडी मारता येते, गाडी दोन चाकांवर तिरकी चालवता येते. फार मोठा गेम नाही आणि काही ठिकाणी एकच गोष्ट दहादा करावी लागते. पण तो करणाऱ्यांनी मालिका मन लावून पाहिली होती हे कळतं.

बाबांना खरं सांग. ‘छान आहे’ म्हटल्यावर बोलणं तिथेच संपतं. ‘किट का बोलत नाही?’ असं विचारलंस तर ते तुला एकेक भाग साभिनय सांगतील.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. म्हणतो, ‘व्हाइस सिटी’ हा ‘मायामी व्हाइस’ या जुन्या मालिकेचाच गेम आहे, घेऊ दे. खरं आहे का?
— कांदिवलीहून एक आई

कागदोपत्री नाही. मालिकेच्या नावाचा परवाना घेऊन झालेले गेम वेगळे आहेत: ओशनचा १९८६चा, डॅविलेक्सचा २००४चा. दोन्ही आज फारसे कोणाला आठवत नाहीत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी’ २००२चा. त्यानं नाव घेतलं नाही, पण १९८६ साल, समुद्रकिनारा, गुलाबी-निळे दिवे आणि गाडीतल्या रेडिओवरची गाणी सगळी तिथलीच. मालिकेत टब्स हा पोलीस झालेल्या फिलिप मायकल थॉमस यांचाच आवाज गेममधल्या लान्स व्हान्स या पात्राला आहे. तेव्हा तुमचा मुलगा अगदीच चुकत नाही. तरीही गेम मोठ्या माणसांचा आहे, खोक्यावरही तसं छापलेलं आहे. तेराव्या वर्षी नको.

आम्ही दोघं साठीला आलो आहोत. मुलांचा जुना प्लेस्टेशन २ घरात पडून आहे. दोघांनी मिळून खेळता येईल, एकमेकांना हरवायचं नसेल, असा जुन्या मालिकेवरचा एखादा गेम सुचवाल का?
— बोरिवलीहून एक जोडपं

तुमच्यासाठीच केल्यासारखा एक गेम आहे: ‘स्टार्स्की अँड हच’, २००३चा. मूळ मालिका १९७५ ते १९७९ची. दोन पोलीस, एक लाल ग्रॅन टोरिनो, तिच्या अंगावर पांढरा पट्टा. एकानं गाडी चालवायची आणि दुसऱ्यानं खिडकीतून नेम धरायचा. दोघं मिळून एकच गाडी, एकच डाव. चालवणाऱ्यानं वळण आधी सांगितलं नाही तर नेमवाल्याचा नेम चुकतो. नेमवाला गप्प बसला तर चालवणाऱ्याला कोणाच्या मागे जायचं तेच कळत नाही.

मी आणि माझी वहिनी तो पावसाळ्यात खेळायचो. वहिनीनं आयुष्यात गाडी चालवलेली नाही, पण पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘चाक माझ्याकडे.’ तिसऱ्या दिवसापर्यंत आम्हा दोघींची एक भाषा झाली होती: ‘डावी’, ‘थांब’, ‘मार’. स्वयंपाकघरातही तीच चालायची.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तुमचा जीव किती उरला आहे, याची पट्टीच त्यात नाही. त्याऐवजी ‘प्रेक्षक’ मोजले जातात. तुम्ही टीव्हीवर चालू असलेला एक भाग आहात, असं समजून. रेंगाळलात, वाटसरूंच्या गाड्यांना धडकलात, की प्रेक्षक घटतात. झकास उडी मारलीत की वाढतात. सगळे निघून गेले की भाग संपला. मालिकेवरून गेम करताना ‘मालिका असणं’ हाच खेळाचा नियम करायचा, हे ज्याला सुचलं त्याला मी मनापासून दाद देते.

एक सूचना. प्लेस्टेशन २वर हा गेम एकाच वेळी स्टिअरिंगचं चाक आणि प्रकाशाची बंदूक, दोन्ही घेतो. पण ती बंदूक जुन्या, पोटवाल्या टीव्हीवरच चालते. काचेच्या आत किरण ओळीओळीनं पडदा रंगवत जातो. नेमक्या कुठल्या क्षणी उजेड दिसला, यावरून नेम कुठे होता ते बंदूक ओळखते. सपाट टीव्हीत तो किरणच नाही. तेव्हा जुना टीव्ही भंगारवाल्याला दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर साध्या कंट्रोलरवर खेळा, मजा येतेच.

चोरबाजारात ‘एअरवुल्फ’ची कॅसेट मिळाली, वर सगळं जपानी. पण व्हिडिओत पाहिलेला एअरवुल्फ वेगळाच आहे. त्यात कॉकपिट दिसतं, माझ्यात हेलिकॉप्टर आडवं उडतं. मला बनावट माल दिला का? शिवाय ती दहादा फुंकर मारली तरच चालते.
— वसईहून एक वाचक

बनावट असेलच असं नाही. एकाच मालिकेचे, एकाच यंत्राचे दोन वेगळे गेम निघाले होते. १९८८मध्ये जपानला आला तो बाजूनं दिसणारा, आडवा सरकणारा. तो मुळात नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा गेम. दुसऱ्या वर्षी अमेरिकेत आला तो अगदी वेगळा: तुम्ही आत बसता, कैद्यांना सोडवायला हेलिकॉप्टर खाली उतरवता, इंधन भरता. मालिकेच्या मनाशी हा दुसरा जास्त जवळचा, कारण त्यातलं ते बेल २२२ हेलिकॉप्टर नुसतं गोळ्या झाडायला नव्हतंच, कोणाला तरी सोडवून आणायला होतं. पण तुमच्याकडचाही खेळण्याजोगा आहे. खात्री करायची असेल तर कॅसेट उघडून बघा. पायवाल्या चिपा की काळा गोळा, ते वर सांगितलंच आहे.

फुंकर मात्र आजपासून बंद. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या हळूहळू काळ्या पडतात. फुंकर मारल्यावर चालते ती मारल्यामुळे नव्हे, काढून पुन्हा घातल्यामुळे. शाळेचा पांढरा खोडरबर घ्या, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा, आडवा नाही. भुगा ब्रशनं झटका. मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू पुसा. काडी काळी येईल, ती स्वच्छ येईपर्यंत नवी नवी घेत राहा. अप्पा तीन काड्यांत काम आटपायचे, मला अजून पाच लागतात. पुसून झालं की दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच यंत्रात घाला.